घरच्या बागेत फुलपाखरांसाठी खाद्यवनस्पती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बागेत फुलं भरपूर आहेत, तरी फुलपाखरं थांबत का नाहीत?

कारण फुलातला मकरंद हे फक्त पूर्ण वाढलेल्या फुलपाखराचं खाणं आहे. तो पिऊन ते पुढच्या बागेत निघून जातं. मादी रेंगाळते, घिरट्या घालते, पुन्हा पुन्हा येते ती अंडी घालायला जागा मिळाली तरच. त्यात ती फार चोखंदळ असते. पानावर बसून पुढच्या पायांनी टकटक करते, पायांनीच पानाची चव घेते आणि आपल्या अळीला चालणारं पान आहे अशी खात्री पटल्यावरच अंडं चिकटवते. अळी ज्या वनस्पतीची पानं खाऊन वाढते ती त्या फुलपाखराची खाद्यवनस्पती. बहुतेक जातींच्या अळ्या एखाद्या कुळातल्या मोजक्याच वनस्पती खातात. दुसरं पान समोर ठेवलं तर उपाशी मरतात, पण खात नाहीत.

म्हणून आधी खाद्यवनस्पती लावा, फुलझाडं नंतर. उलट क्रमाने केलेल्या बागा दिसायला छान असतात, पण तिथे फुलपाखरं पाहुण्यासारखी येतात आणि जातात.

सुरुवात कोणत्या झाडांनी करावी?

कढीपत्ता, लिंबू, पानफुटी आणि हळदीकुंकू. ही चार झाडं कोणत्याही रोपवाटिकेत किंवा शेजाऱ्याकडे मिळतात, कुंडीत जगतात आणि महाराष्ट्रात जवळजवळ सगळीकडे चालतात.

कढीपत्ता आणि लिंबावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन येतात. अंडं फिकट पिवळं, गोल, मोहरीपेक्षाही लहान, आणि जवळजवळ नेहमी कोवळ्या पालवीवर एकेकटं असतं. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, त्यामुळे पुष्कळ जण तिला ओळखतच नाहीत. शेवटची कात टाकल्यावर ती हिरवीगार होते. तिला डिवचलं की डोक्यामागून दुभंगलेलं शिंगासारखं इंद्रिय बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. तो वास मुंग्या आणि गांधीलमाश्यांसाठी आहे, आपल्याला त्याचा काही त्रास नाही.

पानफुटीवर रेड पिएरो येतं. पंखांची खालची बाजू पांढरी, काळ्या ठिपक्यांची आणि मागच्या पंखावर नारिंगी पट्टा असलेलं हे इटुकलं फुलपाखरू. त्याची अळी पानाच्या आत शिरून गर खाते. पान बाहेरून पारदर्शक, फोडासारखं दिसू लागतं आणि आत काळसर विष्ठा दिसते. रोग समजून ही पानं तोडून टाकू नका, अळी त्यातच असते.

हळदीकुंकू म्हणजे लाल-पिवळ्या फुलांचं, चीक असलेलं झुडूप. त्यावर प्लेन टायगर हमखास येतं. जागा असेल तर त्याच फुलपाखरासाठी रुई उत्तम, पण ती कुंडीत फार वर्षं टिकत नाही. तिला जमीनच लागते.

आणखी जागा असेल तर?

मग निवडीला मजा येते.

आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, म्हणजेच राणी पाकोळी. त्याला २०१५ साली हा मान मिळाला. त्याची मादी पपनस, ईडलिंबू अशी लिंबूवर्गीय झाडं आणि रानातलं माकडलिंबू निवडते. कोकण, सह्याद्रीचा पायथा आणि झाडी असलेल्या शहरी भागात ते बागेत येतं. मराठवाड्याच्या उघड्या माळावर त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

सोसायटीच्या कुंपणाला उंच खोट्या अशोकाची रांग असेल तर टेल्ड जे तुमच्या आसपास आधीपासूनच असणार. हिरव्या ठिपक्यांचं, क्षणभर न थांबणारं हे फुलपाखरू खोटा अशोक, सीताफळ, रामफळ आणि सोनचाफ्यावर अंडी घालतं. त्याला कोवळी पालवी लागते. पावसाळ्याच्या सुरुवातीला एक-दोन झाडांचे शेंडे छाटले की महिन्याभरात पालवी येते आणि मादी हाताच्या उंचीवर उतरते.

बहावा आणि टाकळ्यावर एमिग्रंट आणि ग्रास यलो ही पिवळी-पांढरी फुलपाखरं येतात. टाकळा पहिल्या पावसात आपोआप उगवतो. भाजीसाठी खुडा, पण एक कोपरा राखून ठेवा. कण्हेर आणि वड-उंबरावर कॉमन क्रो येतं. त्याचा कोष चांदीचा मुलामा दिल्यासारखा चमकतो. एरंडावर कॅस्टर, चित्रकावर झेब्रा ब्लू, कोरांटीवर पॅन्सी, बोरावर कॉमन पिएरो, कृष्णकमळाच्या वेलीवर टॉनी कोस्टर, एक्झोरावर मंकी पझल. करंजाचं एक झाड तर अनेक जाती पोसतं, पण ते बंगल्याच्या आवारातच शोभतं.

आंबा तोडायची गरज नाही, लावायचीही नाही. बहुतेकांच्या दारात असतो. कॉमन बॅरनची अळी आंब्याच्या पानावर मधल्या शिरेशी समांतर पडून राहते. तिच्या पाठीवरची फिकट रेघ शिरेशी इतकी जुळते की समोर असूनही दिसत नाही. झाडावर बांडगूळ असेल तर सगळं काढू नका. हळदीकुंकवाच्या रंगांचं कॉमन जेझेबेल फक्त बांडगुळावर वाढतं, आणि एकेकटं नाही, झुंडीने.

ईश्वरीची वेल लावावी का?

जरूर. पण ती नवशिक्याची वेल नाही. ईश्वरी किंवा सापसंद ही कॉमन रोज आणि क्रिमझन रोजची खाद्यवनस्पती आहे. सह्याद्रीत सदर्न बर्डविंगही याच कुळावर वाढतं. अळ्या पानातली विषारी द्रव्यं अंगात साठवतात, त्यामुळे मोठं झालेलं फुलपाखरू पक्ष्यांना नकोसं होतं. कॉमन मॉर्मनच्या काही माद्या याच रोजसारख्या दिसतात ते उगाच नाही. विष अंगात नसताना त्यांना संरक्षण मिळतं.

वेल बियांपासून करावी. सुकलेलं फळ देठाकडून उमलून टांगलेल्या टोपलीसारखं होतं आणि त्यात चपट्या, पंखवाल्या बिया रचलेल्या असतात. ताज्या बिया मे अखेरीस वाळूमिश्रित मातीत अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. उगवायला तीन ते सहा आठवडे लागू शकतात, तोवर माती ओलसर ठेवा, चिखल नको. पहिलं वर्षभर वेल जाळीत झाकून वाढवा. एका मादीने दहा-बारा अंडी घातली तर अळ्या कोवळी वेल मुळापासून संपवतात. जुनी वेल मात्र जमिनीखालच्या मुळांवरून पुन्हा फुटते. रानातून वेल उपटून आणू नका. औषधासाठी आधीच तिची बरीच लूट झाली आहे.

विदेशी शोभेच्या बदकवेली याच कुळातल्या असल्या तरी त्यांचा मोह टाळा. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंगच्या माद्या अशाच आणलेल्या एका शोभेच्या वेलीवर फसून अंडी घालतात आणि पानं खाऊन अळ्या मरतात. आपल्याकडे देशी वेल मिळत असताना ही जोखीम कशाला?

इंटरनेटवरच्या यादीत शेपू, पार्सली, बडीशेप असते. ती चालेल?

नाही. ती यादी युरोप-अमेरिकेतल्या स्वॅलोटेल नावाच्या फुलपाखरांची आहे. भारतात त्या गटातलं फुलपाखरू हिमालयात आहे. महाराष्ट्रात शेपूवर कोणी स्वॅलोटेल येत नाही. शेपू भाजीसाठी लावा.

कुंडी, माती, ऊन: नेमकं किती?

कढीपत्ता आणि लिंबासाठी १४ ते १६ इंची कुंडी, हळदीकुंकू आणि चित्रकाला १० ते १२ इंची, पानफुटीला ८ इंचीही पुरते. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू. तळाला भोक मोकळं हवं, लिंबाला तर विशेषच. मुळाशी पाणी साचलं की पानं पिवळी पडून गळतात.

ऊन किमान पाच तास. मादी उन्हात उडते आणि उन्हातल्या पानांवर अंडी घालते. सावलीतल्या बाल्कनीत झाड जगेल, पण अंडी क्वचित मिळतील. पानफुटी आणि ईश्वरीला दुपारची सावली चालते.

खत देताना हात आखडू नका. महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत दिलं की पालवी येत राहते, आणि पालवी हाच तर सगळा मुद्दा आहे. लिंबाची आणि कढीपत्त्याची शेंडेछाट जून, ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये करा. सगळी झाडं एकदम छाटू नका. एक छाटलेलं, एक पालवीवर, असं ठेवा.

कढीपत्ता बियांपासून करायचा तर पिकलेलं काळं फळ मिळाल्याबरोबर गर धुऊन लगेच पेरा. बी वाळवून ठेवलं तर उगवण झपाट्याने कमी होते. त्यापेक्षा मोठ्या झाडाच्या बुडाशी आलेली पिल्लं मुळासकट काढून लावणं सोपं.

एक झाड किती अळ्या पोसतं?

अळी सगळ्यात जास्त खाते ती शेवटच्या अवस्थेत, कोष करण्याआधीच्या चार-पाच दिवसांत. आधी आठ-दहा दिवस काही खातच नाही असं वाटतं आणि मग फांदी रिकामी होते. दोन-अडीच फुटी कढीपत्त्याने तीन-चार अळ्या पोसल्या तर पुष्कळ झालं. म्हणून दहा जातींची एकेक कुंडी लावण्यापेक्षा तीन जातींच्या तीन-तीन कुंड्या लावा. इथेच बहुतेक जण चुकतात. संग्रह करण्याच्या नादात एकही जात पूर्ण वाढत नाही.

झाड पार ओकंबोकं झालं. आता?

काही करू नका. निरोगी झाड दोन-तीन आठवड्यांत पुन्हा फुटतं. पानं नसताना पाणी कमी द्या, कारण पानांशिवाय झाड पाणी खेचत नाही आणि मुळं कुजतात. नेहमीइतकं पाणी घालत राहिल्यानेच जास्त झाडं मरतात, अळ्यांमुळे नाही. फूटभराहून लहान रोप असेल तर अळ्या त्याच जातीच्या मोठ्या झाडावर हलवा. अळीला चिमटीत धरून ओढू नका, पानासकट उचला. कात टाकताना ती रेशमाला घट्ट चिकटून असते आणि ओढली तर मरते.

अंड्यापासून फुलपाखरापर्यंत किती दिवस?

लाइम बटरफ्लायचं उदाहरण घ्या. अंडं तीन-चार दिवस, अळी साधारण दोन आठवडे, कोष आठ-दहा दिवस, एकूण महिनाभर. उन्हाळ्याच्या तोंडाशी हे लवकर उरकतं, थंडीत लांबतं. कोष काही वेळा अनेक आठवडे तसाच राहतो, त्यामुळे घाईने फेकून देऊ नका.

कोष करण्याआधी अळी खाणं थांबवते, पातळ विष्ठा टाकते आणि झाड सोडून भटकू लागते. भिंत, ग्रिल, कुंडीची कड, कुठेही जाते. “अळ्या गायब झाल्या” ही तक्रार बऱ्याचदा याच दिवसाची असते. फूटभर उंचीच्या दोन-चार काटक्या कुंडीत खोचून ठेवल्या तर काही अळ्या तिथेच कोष करतात.

अळ्या खरोखरच मरतात, त्याचं काय?

मरतात, आणि पुष्कळ. शंभर अंड्यांतली मोजकीच फुलपाखरं होतात, हा निसर्गाचा हिशोब आहे. पण कारण ओळखता आलं पाहिजे.

अंडं काळं पडून फुटत नसेल तर आत ट्रायकोग्रामासारखी सूक्ष्म परजीवी गांधीलमाशी वाढते आहे. मात्र फुटण्याच्या आदल्या दिवशीही अंडं गडद होतं, तेव्हा दोन दिवस थांबून ठरवा. अळी सुस्त झाली आणि तिच्या अंगाशी तांदळासारखे पांढरे कोष दिसले तर तीही परजीवी गांधीलमाशीच. कोषाला बारीक गोल भोक पडलं असेल तर आतून फुलपाखराऐवजी दुसरंच कोणी निघून गेलं आहे. अळी लिबलिबीत, काळी होऊन लोंबकळत असेल तर विषाणू किंवा जिवाणूंचा संसर्ग. तेवढी अळी पानासकट काढून टाका आणि हात धुवा. सगळ्या अळ्या एकाच दिवशी आखडून पडल्या असतील तर ते विष आहे.

शिंपी, वटवट्या हे पक्षी, कोळी, सरडे हेही अळ्या खातात. पानांची घरटी शिवणाऱ्या लाल मुंग्या मात्र एका दिवसात झाड साफ करतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवली आणि झाड भिंतीला टेकू दिलं नाही तर मुंग्यांची वाट बंद होते. झेब्रा ब्लूसारख्या ब्लू गटातल्या फुलपाखरांच्या अळ्यांभोवती फिरणाऱ्या काळ्या मुंग्यांना हात लावू नका. त्या अळीचा गोड स्राव पितात आणि तिची राखण करतात.

विष कुठून आलं? आम्ही तर काहीच फवारलं नाही.

बहुधा रोपासोबत आलं. रोपवाटिकेत बरेचदा इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशकं दिलेली असतात. ती पानात भिनतात आणि आठवडेच्या आठवडे राहतात, धुऊन जात नाहीत. नवीन रोप आणल्यावर वरची पालवी छाटा, शक्य तितकी जुनी माती बदला आणि पहिले दोन-तीन महिने झाडावर जाळी टाका. दुसरं कारण डासांसाठी होणारी धूरफवारणी. त्या संध्याकाळी कुंड्या आत घ्या किंवा ओल्या चादरीने झाका.

निंबोळी तेल तर नैसर्गिक आहे ना?

नैसर्गिक आहे आणि अळ्या मारतं. त्यातलं अझाडिरॅक्टिन अळीची कात टाकण्याची क्रियाच बिघडवतं. बीटी नावाने मिळणारी जैविक पावडर तर अळ्या मारण्यासाठीच असते. खाद्यवनस्पतीवर दोन्ही नकोत.

हळदीकुंकू आणि रुईवर पिवळा मावा येतोच. नळीने पाण्याचा जोरदार फवारा मारा, पण त्याआधी पानं उलटी करून प्लेन टायगरची अंडी आणि अळ्या बघून घ्या. थोडा मावा राहिला तर राहू द्या, मावा खाणारे लेडीबर्ड भुंगेरे त्यावरच येतात.

अंगाला खाज आणणाऱ्या अळ्या घरात येतील अशी भीती वाटते.

खाज आणतात ते केसाळ सुरवंट, आणि ते बहुधा पतंगांचे असतात. शेवग्यावर झुंडीने दिसणारे घुले त्यातलेच. वर सांगितलेल्या झाडांवरच्या फुलपाखरांच्या अळ्या गुळगुळीत असतात किंवा मऊ काट्यांच्या, आणि त्या चावतही नाहीत. प्लेन टायगरच्या अंगावर काळ्या शेंड्यांच्या तीन जोड्या आणि क्रोच्या अंगावर चार असतात, त्या नुसत्या शोभेच्या.

एक सावधगिरी मात्र हवी. आंबा आणि एरंडावर एका पतंगाची आखूड, जाड, हिरवी अळी सापडते. तिच्या पाठीवर निळसर पट्टे आणि उभे काटेरी झुबके असतात, आणि स्पर्श झाला तर चांगलीच आग होते. बॅरनची अळी हिरवीच, पण तिचे काटे पिसांसारखे लांब आणि दोन्ही बाजूंना पानावर आडवे पसरलेले असतात. शंका असेल तर हात लावू नका.

अळ्या घरात डब्यात वाढवाव्यात का?

मुलांना दाखवायला दोन-तीन वाढवायला हरकत नाही. झाकणाला जाळी लावलेला मोठा डबा घ्या, तळाला टिश्यू पेपर ठेवा. ज्या झाडावर अळी मिळाली त्याच झाडाची ताजी पानं रोज द्या, देठाला ओला कापूस गुंडाळा. विष्ठा रोज काढा. ओल आणि विष्ठा साचली की बुरशी येते आणि सगळा डबा जातो. उन्हात ठेवू नका. फुलपाखरू बाहेर येतं ते बहुधा सकाळी. त्याला पंख पसरून लोंबकळायला किमान चार इंच मोकळी जागा हवी, नाहीतर पंख चुरगळलेलेच वाळतात. पंख वाळायला एक-दोन तास जातात, तोवर हात लावू नका. खाली पडलेला लालसर थेंब रक्त नाही, कोषात साठलेला टाकाऊ द्रव आहे.

डझनाने वाढवून समारंभात सोडणं, विकणं हे प्रकार नकोत. काही जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, हेही लक्षात असू द्या.

मग फुलझाडं लावायचीच नाहीत?

लावा, पण साधी. पेंटास, एकेरी पाकळ्यांचं झिनिया, एक्झोरा, कृष्णकिरीट. दुहेरी पाकळ्यांच्या संकरित जातींत मकरंद नसतो किंवा सोंडेला पोहोचत नाही. घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात हे खरं, तरी ती मुद्दाम लावू नका. जंगलात तिने आधीच पुरेसा गोंधळ घातला आहे. उगवलेली एकदांडी काढून टाकू नका, छोट्या फुलपाखरांचा तो आधार आहे. टायगर आणि क्रोच्या नरांसाठी खुळखुळा किंवा भुरुंडीची एक सुकलेली फांदी टांगून ठेवा. त्यातली द्रव्यं चोखायला ते गर्दी करतात. मादीला आकर्षित करणारा गंध त्यांना त्यातूनच मिळतो.

कधी लावावं, आणि फुलपाखरं कधी दिसतील?

जून-जुलैत लावा. ऑगस्टच्या उघडिपीपासून हालचाल सुरू होते आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हा ऐन हंगाम. एप्रिल-मे कोरडे जातात, त्याने हिरमुसू नका. त्या काळात झाड जगवणं एवढंच काम. हंगामात जाती ओळखायला शिकायचं असेल तर ठाण्याजवळच्या ओवळेकर वाडीसारख्या ठिकाणी एक सकाळ घालवा. तिथे कोणतं फुलपाखरू कोणत्या झाडाशी घुटमळतं ते डोळ्यांनी दिसतं.

लहान मुलं आणि पाळीव प्राणी असतील तर कोणती झाडं टाळावीत?

कण्हेर सर्वांगाने विषारी आहे, ती नकोच. एरंडाच्या बिया घातक असतात. एरंड लावलाच तर फुलोरा खुडून टाका. रुई आणि हळदीकुंकवाचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, म्हणून छाटताना हातमोजे आणि चष्मा वापरा. ईश्वरीचं मूळ घरगुती औषध म्हणून पोटात घेऊ नका. त्यातलं ॲरिस्टोलोचिक आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं आणि कर्करोगालाही कारण ठरतं. कढीपत्ता, लिंबू, सीताफळ आणि टाकळा एवढ्यावरही चांगली बाग उभी राहते.

आम्ही अमेरिकेत राहतो. हीच झाडं लावू का?

नको, तिथली देशी झाडं लावा. तिथल्या मोनार्क फुलपाखरासाठी लोक हळदीकुंकूच लावतात, पण दक्षिणेकडच्या उबदार राज्यांत ते हिवाळ्यात मरत नाही आणि मोनार्कला होणाऱ्या एका परजीवी रोगाचे बीजाणू पानांवर साठत जातात. तुमच्या राज्यातलं देशी मिल्कवीड, म्हणजे हळदीकुंकवाचं तिथलं भावंड, शोधा. हळदीकुंकू आधीच लावलं असेल तर शरद ऋतूत जमिनीपासून चार-सहा इंचांवर कापून टाका.